पान सर्वांना, वाढप भुकेप्रमाणे

चेन्नईच्या टी. नगरात सोने आणि रेशीम खरेदी करायला अख्खी दक्षिण लोटते. रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत रेटारेटी करत पुढे सरकणाऱ्यांना या 'टी'मागे कोण आहे याची फिकीर नसते. सर पिट्टी त्यागराय चेट्टी हे जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९२३ च्या सुमारास मांबळमचा लांबलचक जुना तलाव रिकामा करून त्याच्या तळावर ही वसाहत आखली गेली. वसाहतीला चेट्टींचे नाव मिळाले, रस्त्यांना आणि बागांना त्यांच्या सहकाऱ्यांची. पनगल पार्क, नटेशन पार्क, उस्मान रोड, नायर रोड या पाट्या वाचल्या तरी मद्रासच्या ब्राह्मणेतर राजकारणातली बरीच मंडळी भेटतात. चेट्टींचे नाव मात्र ज्या कामासाठी घ्यायला हवे ते या नगरात घडलेले नाही. ते घडले इथून जवळच्या थाउजंड लाइट्स भागातल्या महापालिकेच्या एका शाळेत. १९२० साली चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना या शाळेतल्या मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव झाला. खर्च दर मुलामागे दिवसाला एक आण्याच्या वर जाऊ नये, अशी अट होती. आज देशभर कोट्यवधी मुलांना शाळेत मिळणाऱ्या जेवणाचा हा पूर्वज. त्या एका आण्याच्या खाण्याचा शंभर वर्षांचा प्रवास पाहत गेलो, तर जीवनावश्यक गोष्टींचे वाटप सारखे असावे की गरजेप्रमाणे, या वादाचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळे मिळते.

हा वाद दिसायला सोपा आहे. प्रत्येकाला तेवढेच देणे ही समानता आणि ज्याला जे कमी पडते ते देणे हा समन्याय, अशी व्याख्या प्रशिक्षणवर्गांतून सांगितली जाते आणि सोबत एक चित्र दाखवतात. कुंपणाआडून सामना पाहणारी कमी-अधिक उंचीची तीन मुले. प्रत्येकाला एकेक खोका दिला तरी सर्वांत बुटक्याला मैदान दिसत नाही. उंच मुलाचा खोका काढून त्याला दिला की तिघांनाही दिसते. पाहणाऱ्याची मान लगेच डोलते. पण चित्रकाराने अवघड काम आपल्या वतीने आधीच उरकलेले असते. उंची नजरेला दिसते, भूक दिसत नाही. डब्यात किती दिवसांचे तांदूळ उरलेत, नवऱ्याचा पगार घरी येतो की वाटेतच संपतो, गेल्या महिन्याच्या आजारपणात किती कर्ज झाले, हे कुणाला तरी विचारून कागदावर उतरवावे लागते. मोजमाप आले की मोजणारा आला, त्याची मर्जी आली, दाखला आला आणि दाखला मिळवण्यासाठी बुडालेला रोजही आला. म्हणून माझे म्हणणे असे की, जगायला लागणाऱ्या किमान गोष्टींचा हक्क देताना माणसे निवडू नयेत. तो हक्क पोचवताना मात्र जागा, वेळ, शरीर आणि अडचण पाहून भरपूर फरक करावा. समानता आणि समन्याय यांच्यातून एकाची निवड करायची नाही; कोणती कुठे लावायची, एवढेच ठरवायचे आहे.

थाउजंड लाइट्सच्या शाळेत नेमके हेच झाले होते. तिथे येणारी मुले फार गरीब आहेत आणि त्याचा पटावर परिणाम होतो, असे कारण ठरावाच्या वेळी दिले गेले. म्हणजे शाळा निवडली ती गरज पाहून. पण शाळेच्या आत कुणाच्या बापाची मिळकत विचारली गेली नाही. पुढे आणखी चार शाळांत खाणे सुरू झाले आणि पटसंख्या झपाट्याने वाढली. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून हा खर्च करता येणार नाही, असे सरकारने कळवल्यावर १९२५ मध्ये ते बंद पडले. पुढे कामराज यांनी १९५६ पासून ही कल्पना राज्यभर नेली. एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ ला तिला मोठे रूप दिले, तेव्हा तिजोरीचे काय होणार म्हणून अर्थतज्ज्ञांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सर्व सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न द्यायला सांगितले आणि आठ्या घालणाऱ्यांचा मुद्दा मागे पडला. सप्टेंबर २०२२ पासून तमिळनाडूत सकाळची न्याहारीही सुरू झाली. या जेवणात अंडे आले आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे देण्याची सोय आली. तपशील लहान असला तरी बोलका आहे. केळ्यासाठी कुणाला गरिबीचा पुरावा द्यावा लागत नाही. जेवणाचा हक्क सर्वांचा एकच, आणि ताटात काय पडेल ते खाणाऱ्याकडे पाहून.

आपल्याकडे पंगतीचा चांगला वाढपी असाच वागतो. पान सर्वांपुढे सारखेच मांडलेले असते, पण तो पान बघून वाढतो. ज्याचा भात संपला त्याच्याकडे आधी वळतो, म्हाताऱ्याला मऊ भाताचा वरचा थर देतो, नको म्हणणाऱ्याच्या पानात ओतत नाही. असे वाढण्याला कुणी पंक्तिभेद म्हणत नाही. पंक्तिभेद होतो तो पान मांडण्यापूर्वी, कोण बसणार आणि कोण उठून जाणार हे ठरते तेव्हा. आपल्या पंगती जातीच्या बाबतीत हा गुन्हा शतकानुशतके करत आल्या, हे विसरून त्यांचे कौतुक करता येत नाही. तरीही वाटपाचे एक शहाणपण त्यांत आहे आणि तमिळ मुलखातल्या मराठी राजवटीने ते कारभारात उतरवलेले दिसते. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०१ साली आपली छत्रे, म्हणजे वाटसरूंसाठीची अन्नछत्रे, इंग्रजांच्या हाती जाऊ नयेत म्हणून रेसिडेंटला पत्र लिहिले. त्यात छत्रांचा रिवाज सविस्तर सांगितला आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न; शिजवलेले न चालणाऱ्याला कोरडा शिधा; मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिले आहे का, याची विचारणा; तान्ह्यांना दूध, आजाऱ्यांना वैद्य आणि औषध, बाळंतिणीची व्यवस्था. यातल्या शिध्यामागे सोवळ्याचा विचारही होताच. पण रचना पाहिली तर वाटसरूला कोण, कुठला, किती मिळकत हे विचारायचे नाही, आणि आत आल्यावर प्रत्येकाच्या अवस्थेप्रमाणे वागायचे. मध्यरात्रीची घंटा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राहून गेलेल्याला शोधण्याची जबाबदारी तिथे देणाऱ्यावर होती.

आधुनिक सरकारने ही जबाबदारी घेणाऱ्यावर ढकलली. १९९७ साली केंद्राने रेशनव्यवस्था 'लक्ष्याधारित' केली, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना एक भाव आणि वरच्यांना दुसरा. महाराष्ट्राने १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आणली. पंधरा हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना पिवळे, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरे. 'पिवळे कार्ड काढून देतो' हे आश्वासन तेव्हापासून गल्लीतल्या राजकारणाचे चलन झाले. पंधरा हजारांवर एक रुपया कमावणारा आणि पंधरा हजारांच्या आत एक रुपया कमावणारा यांच्या भुकेत फरक नव्हता, कार्डांत होता. तमिळनाडूने ही विभागणी नाकारली आणि रेशन सर्वांना खुले ठेवले. जून २०११ पासून तांदूळ कार्डावरचा तांदूळ फुकट केला. परिणाम आकड्यांत दिसतो. २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर आधारलेल्या अंदाजांत देशभर रेशनचे निम्म्याहून अधिक धान्य वाटेतच पाझरत होते. तमिळनाडूत ही गळती दहा टक्क्यांच्या आत होती. त्याच सुमाराला देशातल्या गरीब ग्रामीण कुटुंबांपैकी जवळपास निम्म्यांकडे दारिद्र्यरेषेचे कार्डच नव्हते. म्हणजे गरिबांसाठी आखलेली योजना अर्ध्या गरिबांना ओळखत नव्हती. सर्वांसाठीच्या योजनेला ओळखण्याची गरजच पडली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, उस्मान रोडवरच्या सराफाला फुकट तांदूळ कशासाठी? आक्षेप रास्त आहे आणि त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, सराफ सहसा रेशनच्या रांगेत येत नाही. तमिळनाडूत तांदळाऐवजी साखर घेणारे कार्ड आहे, काहीच वस्तू न घेणारेही आहे, आणि कोणते हवे ते कुटुंब स्वतः ठरवते. तहसीलदाराने गरिबी मोजण्याऐवजी ज्याला गरज नाही तो आपण होऊन बाजूला होतो. ही युक्ती महाराष्ट्राला परकी नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना याच तत्त्वावर उभी होती. 'मागेल त्याला काम' म्हटल्यावर उन्हात खडी फोडायला बागायतदार येत नाही. मात्र ज्याला खडी फोडता येत नाही अशा म्हाताऱ्याला किंवा अपंगालाही ती चाळणी बाहेर ठेवते. म्हणून चाळणी कष्टाची असण्यापेक्षा साधेपणाची असलेली बरी. फेब्रुवारी २०१३ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या अम्मा उणवगम या स्वस्त उपाहारगृहांत इडली एक रुपयाला आणि सांबारभात पाच रुपयांना, येईल त्याला. तिथे हमाल, रिक्षावाला, इस्पितळातल्या रुग्णाचा नातेवाईक बसतो. सराफ अडवला जात नसूनही तिकडे फिरकत नाही. दुसरे उत्तर राजकारणाचे आहे. ज्या दुकानात मध्यमवर्गही उभा असतो तिथे तांदळात खडे निघाले की बोंब होते. जिथे फक्त आवाज नसलेलेच उभे असतात तिथले खडे त्यांनाच निवडावे लागतात. श्रीमंताच्या घरी चुकून गेलेल्या तांदळाची किंमत करातून वसूल करता येते. उपाशी राहिलेल्याचा गेलेला महिना कुठूनही भरून येत नाही. दोन्ही चुका आहेत, पण त्या एका मापाच्या नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सर्वांना सारखे म्हणणे म्हणजे जे आधीच पुढे आहेत त्यांना पुढे ठेवणे नव्हे का? पाण्याच्या बाबतीत याचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चेन्नईचे चारही जलाशय तळाला गेले. पाणीपुरवठा मंडळाने नळाचे पाणी रोजच्या सुमारे ८३ कोटी लिटरवरून ५२ कोटींच्या आसपास आणले. जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आले, पण एका खेपेचे पंचवीस लाख लिटर म्हणजे त्या आटलेल्या पुरवठ्याचाही अर्धा टक्काच. कपात कागदावर सगळ्या शहराला सारखी होती. मात्र ज्या इमारतीच्या तळाशी मोठी टाकी आणि मोटर आहे ती तासाभराच्या पाण्यात दिवसाची बेगमी करते, उरलेले खाजगी टँकरने विकत घेते. ज्याच्या घरात नळच नाही त्याच्यासाठी रस्त्यावरचा हातपंप, प्लॅस्टिकची टाकी आणि रंगीत घागरींची रांग. मंडळाच्या वहीत दोघेही 'पुरवठा झालेले'. रांगेत उभी असलेली बाई मात्र कामाचे तास घालवून तेच पाणी विकत घेत असते, फक्त त्याची पावती मिळत नाही. इथे सारखेपणा अन्यायाचा ठरतो, म्हणून पुरवठ्यात फरक हवा. टँकर आधी टोकाच्या वस्तीत जावा, त्याची वेळ रोजंदारीला निघणाऱ्यांना सोयीची असावी, नळ नसलेल्या गल्लीवर खर्च जास्त व्हावा. पण हा सगळा फरक जागा आणि जाळे पाहून करता येतो. कुणाच्या उत्पन्नाचा दाखला त्यासाठी मागावा लागत नाही. टी. नगरसारख्या तलावाच्या तळावर वसलेल्या भागात तर उन्हाळ्याची टंचाई आणि नोव्हेंबर २०२१ सारखा तुंबलेला पावसाळा हे दोन्ही जमिनीच्या उंच-सखलपणाचेही प्रश्न आहेत, आणि जमिनीचा नकाशा माणसाच्या गरिबीच्या नकाशापेक्षा प्रामाणिकपणे काढता येतो.

समन्यायाच्या नावाखाली समानता सोडली तर काय होते, हेही पाण्यानेच दाखवले आहे. मांबळमचा तलाव रिकामा होत होता त्याच १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने पुढल्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. प्रत्यक्षात ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ ला, डॉ. आंबेडकरांसोबत हजारो माणसे चालत गेली तेव्हा, आणि तिची किंमत डोकी फुटून मोजावी लागली. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. म्हणजे नुसता समान हक्क जाहीर करून पाणी हाती येत नाही, हे खरे. पण त्या काळात 'शहाणा' मानला जाणारा दुसरा मार्ग काय होता? अस्पृश्यांची पाण्याची गरज आहे ना, मग त्यांना वेगळी विहीर खणून द्या. गावोगावी अशा विहिरी खणल्याही गेल्या. गरज ओळखली, खास तरतूद केली, पाणीही मिळाले. आजच्या व्याख्येत बसवायचे तर तो समन्यायच. तरी महाडला गेलेल्यांना तो नको होता, कारण त्यात माणूस म्हणून एका तळ्याचे हक्कदार असणे नाकारलेले होते. हक्क समान असल्याची खात्री आधी नसेल तर खास सोय आणि बहिष्कार यांच्यातले अंतर फार थोडे उरते.

टी. नगरच्या दुकानांतून याचे अलीकडचे उदाहरण सापडते. इथल्या मोठमोठ्या कापडदुकानांत काम करणाऱ्या मुली दिवसचे दिवस उभ्या असत. वसंतबालन यांचा 'अंगाडि तेरु' हा २०१० चा चित्रपट रंगनाथन स्ट्रीटवरच्या अशाच कामगारांवर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले: प्रत्येक दुकानात सर्व कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय असलीच पाहिजे. गरजेप्रमाणे वाटप करायचे तर खुर्ची गरोदर बाईला, पाठदुखीच्या रुग्णाला, पन्नाशी ओलांडलेल्याला द्यावी असे वाटू शकते. तसा नियम केला असता तर काय झाले असते? ज्या मुलीची नोकरी मुकादमाच्या भुवईवर टांगलेली आहे तिने त्याच्यापुढे जाऊन आपले दुखणे किंवा दिवस सांगितले असते का? सांगितलेच, तर बसलेली प्रत्येक बाई म्हणजे कामाला कमी पडणारी बाई, असा शिक्का बसला असता. खुर्ची सर्वांची झाल्यामुळेच जिला तिची सर्वांत जास्त गरज आहे ती काहीही न बोलता बसू शकते. सरसकट हक्काचा हा फायदा हिशेबाच्या वहीत येत नाही. तो गरजवंताला आपली गरज जाहीर करण्यापासून वाचवतो.

मग आरक्षणाचे काय, असा प्रश्न इथे येणारच. ज्या जस्टिस पक्षाच्या पुढाऱ्याने शाळेतल्या सगळ्या मुलांना खाणे दिले त्याच पक्षाच्या सरकारने १९२१ मध्ये नोकऱ्यांत जातवार वाटा देणारा आदेश काढला. त्याच्या आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वांना मोफत व सक्तीचे केले. या दोन धोरणांत विसंगती शोधणारे आजही भेटतात. मला ती दिसत नाही. नोकरीच्या जागा मोजक्या असतात. एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते, म्हणून तिथे इतिहासाने कुणाला किती मागे ठेवले हे तोलावेच लागते. पहिलीचा वर्ग, दुपारचा भात आणि प्यायचे पाणी यांचे तसे नाही. ते सर्वांना पुरवता येतात आणि सर्वांना मिळाल्याने कुणाचे कमी होत नाही. जिथे टंचाई खरीच अटळ आहे तिथे माणसे तोलणे न्यायाचे. जिथे टंचाई खर्च न करण्याच्या निर्णयातून जन्मते तिथे माणसे तोलायला बसणे म्हणजे त्या निर्णयावर पांघरूण घालणे.

सरसकट देण्यालाही मर्यादा हवी, हे मान्य करायला हरकत नाही. तमिळनाडूत २०१६ पासून घरगुती वीजग्राहकाला दोन महिन्यांना शंभर युनिट मोफत मिळतात, झोपडीलाही आणि बंगल्यालाही. किमान गरजेपुरते हे योग्य आहे. त्यापुढे वापर वाढेल तसा दर चढत गेला पाहिजे, म्हणजे बंगल्याने घेतलेली सूट बंगल्याच्याच बिलातून परत येते. घेणाऱ्याची छाननी करण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि कमी अपमानाचा आहे. उलट बाजूची उदाहरणेही समोर आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूने महिलांना दरमहा हजार रुपये सुरू केले तेव्हा उत्पन्न, जमीन आणि विजेचा वापर यांच्या अटी घातल्या. सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख अर्जांतून एक कोटी सहा लाखांच्या आसपास निवडले गेले आणि उरलेल्यांना अपिलाची वाट दाखवली गेली. महाराष्ट्रात २०२४ ला लाडकी बहीण योजना आली. आधी अर्ज उदारपणे मंजूर झाले, पुढच्या वर्षी पडताळणी, ई-केवायसी आणि वगळलेल्या नावांच्या बातम्या आल्या. अपात्र असून पैसे घेणारे होते, यात शंका नाही. पण त्यांना शोधण्यासाठी ज्या लाखो बायकांना पुन्हा एकदा कागद घेऊन सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागले, त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणत्याच खात्याने मांडला नाही. नवी योजना जाहीर झाली की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'पात्र कोण?' त्याऐवजी विचारावे की, कुणापर्यंत ती पोचायची राहिली आणि ते शोधायला सरकारचा कोणता माणूस, कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीत जाणार आहे. या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या कागदात लिहिलेले नसेल, तर ती समानतेची नाही आणि समन्यायाचीही नाही.